बिछायतीचे मूळ गाव

मुंबईत डोंगरीच्या बाजूची एक जुनी इमारत पाडायची ठरली, तेव्हा तिथल्या एका ओळखीच्या घरातून आम्हाला निरोप आला. माळा रिकामा करताना एक बोचके खाली आले होते. त्यात तांब्याची दोन पातेली, एक मोडका हुक्का आणि जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दोन बिछायती होत्या. एकीवर जाड लोकरीच्या धाग्याने मोठमोठी फुले भरलेली. दुसरी जाड, दबलेल्या लोकरीची, तिच्यावरही फुलेच, पण विरळ. दोन्हींना कसर लागलेली, कोपरे झिजलेले. भंगारवाला दारात येऊन उभा होता. त्याच्या मागोमाग जुन्या वस्तूंचा एक व्यापारीही येऊन गेला होता आणि "पर्शियन आहे, बरे पैसे देतो" असे सांगून गेला होता.

घरातल्या खाला पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "बेटा, माझ्या सासऱ्यांनी बसऱ्याहून आणलेलं आहे हे. बोटीवर होते ते. विकायचं की ठेवायचं ते मागाहून बघू. आधी हे कुठलं आहे तेवढं मला सांग."

आम्ही वस्त्रविद्येचे पदवीधर नाही. पण जुनी कापडे, जाजमे, जानमाजी पाहण्याचा आणि त्यांच्याविषयी वाचण्याचा नाद आम्हाला फार वर्षांपासून आहे. त्या दिवशी खालांच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही. पुढे ते उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेख.

आपल्या घराघरांत अशी बोचकी आहेत. इमारती पडतात, वाडे विकले जातात, मशिदींची डागडुजी निघते, आणि वापरून विटलेल्या बिछायती उकिरड्यावर तरी जातात किंवा 'इराणी', 'तुर्की' असे काहीतरी नाव लावून दुकानात तरी जातात. या दोन्हींत नुकसान एकच होते. ज्या हातांनी ते काम केले, त्या हातांचे गाव पुसले जाते.

मराठी भाषेत मात्र ही गावे अजून शाबूत आहेत. गालिचा हा शब्द फारसीतून आला. जाजमही त्याच वाटेने आले. सतरंजीत शतरंज म्हणजे बुद्धिबळाचा पट आहे, कारण तिच्यावर तसे चौकडे असत. फरास म्हणजे बिछायत घालणारा. आपल्याकडच्या सुजनीत फारसीतली 'सूजन' म्हणजे सुई लपलेली आहे. मध्य आशियात ज्याला सुझनी म्हणतात आणि बिहारात जुन्या साड्या शिवून ज्या सुजनी करतात, त्या दोन्ही शब्दांचे मूळ हेच. आणि आपली गोधडी? लिन्सकोटेन नावाचा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला होता. त्याने लिहिलेले प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. खंबायतच्या रेशमी टाक्यांच्या रजयांविषयी लिहिताना त्याने त्यांना जे नाव दिले आहे, ते आपल्या गोधडीचे, हिंदीतल्या गुदडीचे सख्खे भावंड आहे. श्रीमंताची रजई आणि फकिराची गोधडी एकाच शब्दात बसत होत्या.

आधी पाठ पाहावी

कोणतीही जुनी बिछायत हाती आली की माणूस तिचे तोंड पाहतो. फुले कशी, रंग कसे, किनार कशी. जाणकार मात्र ती उलटी करतो. आम्हीही तेच शिकलो. तोंड सजवलेले असते, पाठ सजवायला कोणी बसत नाही.

गाठींचा गालिचा असेल तर पाठीवरही तीच नक्षी बारीक गाठींच्या रूपाने दिसते, आणि दोन्ही टोकांच्या झालरी म्हणजे गालिच्याचेच उभे धागे असतात. भरतकामाची बिछायत वेगळी. तिथे आधी एक तळ असतो (कापड, कांबळे, तागाचे पोते किंवा नमदा) आणि त्यावर सुईने किंवा आरीने नक्षी भरलेली असते. झालर असलीच तर वरून शिवलेली असते. खालांच्या बिछायतीचे अस्तर एका कोपऱ्यात उसवलेले होते. आत डोकावून पाहिले तर गाठींचा पत्ता नव्हता. म्हणजे ज्याला व्यापारी 'पर्शियन गालिचा' म्हणत होता तो गालिचाच नव्हता. पहिला निकाल तिथेच लागला.

मूळ गाव शोधायचे तर चार साक्षीदार तपासावे लागतात. पहिला तळ, दुसरा धागा, तिसरा टाका आणि चौथी नक्षी. लोक नेमके चौथ्यापासून सुरुवात करतात, आणि चौथा साक्षीदारच सर्वांत कच्चा असतो. नक्षी कागदावर बसून, शालीवर बसून, माणसाच्या डोक्यात बसून हजारो मैल जाते. तळाचे कापड आणि धागा एवढे सहज गाव बदलत नाहीत. टाका तर कारागिराच्या हाताची सवय असते, आणि हाताची सवय उशिरा सुटते.

याचे एक चांगले उदाहरण पोर्तुगीज काळातले आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या काही मोठ्या भरतकामाच्या रजया पोर्तुगालमध्ये आणि युरोपातल्या इतर संग्रहांत आहेत. त्यांच्यावर बायबलमधल्या कथा आहेत, युरोपी शिकारी आहेत, जहाजे आहेत. नक्षीवर विश्वास ठेवला तर हे काम लिस्बनचे म्हणावे लागेल. पण धागा पाहिला तर तो पिवळसर टसरचा, रानरेशमाचा. तो धागा बंगालची वाट दाखवतो. सातगाव आणि हुगळीच्या परिसरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी हे काम होत असे. १६३२ मध्ये मोगलांनी हुगळी घेतली आणि पोर्तुगिजांचा तिथला जम मोडला. चित्र गिऱ्हाइकाच्या धर्मकथेचे, हात बंगाली कारागिराचा. चित्राने गाव लपवले आणि धाग्याने ते सांगितले.

उलट उदाहरणही आहे. काश्मिरी शालीवरचा बदाम, ज्याला आपण कुयरी म्हणतो, तो स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात उचलला. आज जगभर त्या नक्षीला त्या स्कॉटिश गावाच्याच नावाने ओळखतात. नक्कल करणाऱ्याचे गाव राहिले, मूळ कारागिराचे गेले.

जुन्या कांबळ्यांचा गब्बा

आता खालांच्या पहिल्या बिछायतीकडे येऊ. तिचा तळ नीट पाहिला तेव्हा तो एकसंध नव्हता. लोकरी कापडाचे निरनिराळे तुकडे जोडून तो केलेला होता. एक तुकडा जाड, एक पातळ. एकाची वीण सरळ, दुसऱ्याची तिरकी. सर्वांना वरून रंग दिलेला, तरी जोडाजवळ त्या रंगाखालचा जुना रंग डोकावत होता. एका ठिकाणी तर रंगाच्या खाली जुने रफू दिसले. या तळावर दुपदरी लोकरीच्या धाग्याने साखळी टाक्याची फुले, आणि खाली जुन्या सुती कापडाचे अस्तर.

असे काम काश्मीरचे. त्याचे नाव गब्बा. अनंतनाग, ज्याला तिथले बरेच लोक इस्लामाबाद म्हणतात, ते या कामाचे माहेर. बारामुल्लाकडेही ते होत असे. झिजलेली, फाटलेली लोई आणि कांबळी गोळा करायची, धुऊन, तुडवून घट्ट करायची, रंगवायची, जोडायची आणि मग त्यावर भरायचे किंवा दुसऱ्या रंगाचे तुकडे कापून बसवायचे. महाराजांच्या काळात काश्मीरची जमीन-मोजणी करणारा वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काश्मीरविषयीच्या ग्रंथात या गब्ब्यांची नोंद केली आहे.

गब्बा का निर्माण झाला हे समजून घ्यायला तिथली थंडी आणि तिथली गरिबी दोन्ही ध्यानात घ्यावी लागतात. काश्मिरी घरात मातीच्या जमिनीवर आधी वगुव, म्हणजे लव्हाळ्याची चटई, अंथरतात. तिच्यावर काहीतरी उबदार हवे. गाठींचा गालिचा सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हे. मग अंगावरून उतरलेले कांबळेच पायाखाली घ्यायचे, पण तसेच नाही, त्यावर बाग फुलवून. लोकर वाया घालवायची नाही आणि घर उजाडही ठेवायचे नाही, असा तो हिशेब होता.

त्याच काळातली दुसरी गोष्टही विसरता येत नाही. काश्मीरच्या शालीचा मोठा गिऱ्हाईक फ्रान्स. १८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले आणि शालीचा बाजार कोसळला. पाठोपाठ १८७७ ते १८७९ चा भीषण दुष्काळ आला. हजारो विणकर घरे उद्ध्वस्त झाली, कित्येक पंजाबात गेले. ज्यांच्या हातात सुई आणि आरी होती, त्यांना जाड, स्वस्त, विकले जाईल असे काम शोधणे भाग होते. गब्ब्याकडे, नमद्याकडे आणि पुढे पोत्याच्या कापडावरच्या लोकरी भरतकामाकडे पाहताना ही पार्श्वभूमी डोळ्यांआड करू नये. त्या फुलांच्या मागे हौस होती तसे पोटही होते.

नमद्याची दोन गावे

खालांची दुसरी बिछायत नमद्याची होती. नमदा विणत नाहीत. पिंजलेली लोकर चटईवर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळायची आणि दाबत, लाटत राहायचे. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट थर बनतो. म्हणून नमद्याला उभा धागा नाही की आडवा धागा नाही. कडेला बोटाने चाचपले तर तंतूच सुटतात.

अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या फर्राशखान्याचे वर्णन करताना नमद्यांचा उल्लेख केला आहे. ते काबूल आणि इराणहून येतात आणि या देशातही बनतात, असे तो सांगतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीसही एकाच वस्तूची परदेशी आणि देशी अशी दोन मुळे नांदत होती आणि दरबारचा इतिहासकार ती दोन्ही शांतपणे नोंदवत होता.

काश्मीरच्या नमद्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आज चीनच्या शिनजियांग प्रांतात असलेल्या खोतान आणि यारकंद या गावांत उत्तम नमदे होत. व्यापाऱ्यांचे तांडे ते काराकोरम खिंडीतून लेहला आणि तिथून श्रीनगरला आणत. ते येत कोरे. श्रीनगरला नक्काश खाका टाके, म्हणजे भोके पाडलेल्या कागदातून भुकटी चोळून नक्षी उतरवी, आणि मग आरीवाले त्यावर चिनारची पाने, बदाम, कमळे भरत. मग या नमद्याला कुठला म्हणायचे? लोकर यारकंदची, फुले श्रीनगरची. दोन्ही गावे खरी आहेत. १९४९ नंतर चीनमधल्या सत्तांतराने ही वाट बंद झाली आणि श्रीनगरच्या कारागिरांनी नमदेही स्वतःच करायला घेतले. पुढे लोकर महागली तेव्हा तिच्यात कापूस मिसळला जाऊ लागला.

यातून ओळखीची एक खूण मिळते. नमद्याचा सुटा तंतू काढून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला ठिसूळ काळी गुठळी राहते. कापूस कागदासारखा जळून राख होतो. खालांच्या नमद्याच्या तंतूंत दोन्ही निघाले. भरतकाम काश्मिरी आरीचे. तेव्हा तो यारकंदचा असण्यापेक्षा वाट बंद झाल्यानंतरच्या काळातला, श्रीनगरकडचाच असण्याचा संभव जास्त. राजस्थानात टोंक येथेही नमदे होतात, पण तिथली रीत कापलेले तुकडे बसवून सजवण्याची. म्हणून टाका पाहणे आले.

आरीचा टाका

साखळी टाका सुईनेही घालता येतो आणि आरीनेही. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेले हत्यार. धागा कापडाच्या खाली धरायचा, आरी वरून खुपसायची, आकड्यात धागा पकडून वर ओढायचा आणि आधीच्या फासात नवा फास अडकवायचा. वर साखळी दिसते, पाठीवर लहान लहान सरळ टाक्यांची ओळ. सुईत एका वेळी हातभर धागाच मावतो, म्हणून सुईच्या कामात पाठीवर थोड्या थोड्या अंतराने जोड सापडतात. आरीचा धागा गुंडीतून येतो, म्हणून जोड क्वचित. भरतकामाच्या यंत्राचा साखळी टाका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये निघाला. तो इतका एकसारखा असतो की त्यातूनच तो पकडला जातो. माणसाचा हात वळणावर थोडा आखडतो, सरळ रेषेवर थोडा धावतो. यंत्र ना आखडते ना धावते.

ही आरी काश्मीरपुरती नाही. कच्छच्या मोची समाजाने तिला मोठ्या कीर्तीला नेले. चामडे शिवण्याचे हत्यार कापडावर आले आणि त्यातून भुजचे रेशमी भरतकाम झाले. एका मुसलमान फकिराने सिंधमध्ये ही कला मोच्यांना शिकवली, अशी कथा तिथे सांगतात. कथेचा पुरावा मागू नये, पण दोन समाजांनी ती जपली आहे हेही थोडके नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस गुजरातविषयी लिहिताना मार्को पोलोने तांबड्या आणि निळ्या चामड्यावर सोन्याचांदीच्या तारेने पशुपक्षी भरलेल्या चटयांचे वर्णन केले आहे, आणि मुसलमान लोक त्यांवर झोपतात असे म्हटले आहे. म्हणजे भरतकामाची बिछायत आपल्या पश्चिम किनाऱ्याला निदान ७०० वर्षांपासून ठाऊक आहे.

सुझनीचा चुकलेला सांधा

या शोधात असतानाच एका दुकानात आम्हाला आणखी एक कापड दिसले. पांढऱ्या सुती कापडावर रेशमी धाग्याची लालभडक गोल फुले. वर चिठ्ठी 'राजस्थानी चादर'. आम्ही ते उलटे करून पाहू लागलो तेव्हा दुकानदार हसले. म्हणाले, "साहेब, पाठ बघून काय घेणार?" पण पाठीनेच सांगितले.

तळ अरुंद पट्ट्यांचा होता, हातमागाच्या. पट्ट्या जिथे जोडल्या होत्या, तिथे फुलाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी जुळत नव्हता. एका बाजूची तांबडी गडद, दुसरीची फिकी. कोणी म्हणेल काम चुकले. चुकले नव्हते. बुखारा, समरकंद, ताश्कंद या मुलखात मुलीच्या लग्नासाठी सुझनी भरतात. आधी पट्ट्या कच्च्या टाक्याने जोडतात, एक जाणती बाई त्यावर नक्षी काढते. मग पट्ट्या सुट्या करून घरातल्या निरनिराळ्या बायकांकडे देतात. आई एक भरते, चुलती एक, बहीण एक. शेवटी पुन्हा जोडतात. प्रत्येकीचा हात वेगळा, रेशमाची रंगाई वेगळी, म्हणून सांधा चुकतो. तो चुकलेला सांधा म्हणजे त्या घरच्या बायकांची सहीच. त्यांनी नावे लिहिली नाहीत, पण किती हात होते ते मोजता येते.

तिथेही गावागावाची ओळख निराळी. नुरातेच्या कामात पांढरी जमीन मोकळी आणि फुलांचे गुच्छ सुटे. समरकंदच्या कामात मोठी गडद फुले आणि भोवती काळसर पानांची कडी. ताश्कंदकडे पालक म्हणतात त्या प्रकारात मोठमोठी लाल वर्तुळे सारी जमीन व्यापून टाकतात. रशियाने १८६५ मध्ये ताश्कंद आणि १८६८ मध्ये समरकंद घेतले. त्यानंतर गिरणीचे रशियन कापड तिथे वाढत गेले. म्हणून तळ हातमागाचा की गिरणीचा, हे तिथे कालगणनेला उपयोगी पडते.

एक गफलत आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. तीन बाजूंना भरतकाम आणि मधे कोरी जागा असे कापड दिसले की दुकानदार त्याला जानमाज म्हणून विकतात. मध्य आशियात भरतकामाची जानमाज होती हे खरे. पण नव्या नवरीच्या बिछान्यावर घालायची चादरही अशीच तीन बाजूंनी भरलेली असते. जानमाज एका माणसापुरती, चादर चांगली मोठी. आकार न पाहता नाव दिले तर लग्नाच्या चादरीची जानमाज होते. श्रद्धेने घेणाऱ्याची ती फसवणूकच.

काळ कसा ठरवावा

गाव सापडले तरी काळ उरतो. तिथे एक नियम उपयोगी आहे. एखादी वस्तू अमुक सालानंतरची आहे हे सिद्ध करता येते, आधीची आहे हे सिद्ध करणे अवघड. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. पुढे दोन-तीन दशकांत असे रंग सगळीकडे गेले. मंजिष्ठेच्या तांबड्याला १८६९ च्या सुमारास कृत्रिम जोडीदार मिळाला, निळीला १८९७ मध्ये बाजारात मिळाला. तेव्हा कापडात कृत्रिम रंग आढळला तर ते त्या सालानंतरचे. पण नैसर्गिक रंग आढळला म्हणून ते १८५६ च्या आधीचे होत नाही, कारण खेड्यापाड्यांत जुनी रंगाई पुढेही चालू होती. सुरुवातीचे कृत्रिम रंग उन्हात लवकर उडत. म्हणून शिवणीच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग ताडून पाहावा. तागाच्या पोत्यावरचे भरतकाम असेल तर बंगालमध्ये रिश्रा येथे पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये निघाली हे आठवावे.

खालांच्या गब्ब्याच्या अस्तरावर आम्हाला एक अर्धवट शिक्का सापडला. गिरणीचे नाव फाटून गेले होते. पण लांबीचा आकडा आणि पुढे इंग्रजीत यार्डाची खूण शिल्लक होती. १८८९ च्या कायद्याने ताग्यावर लांबी यार्डांत छापणे सक्तीचे केले होते. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि साठच्या दशकात यार्ड मागे पडला. म्हणजे ते कापड या दोन टोकांच्या मधले. आता अस्तर नंतर बदललेले असू शकते, ही शंका घ्यायलाच हवी. आम्ही कडेचे टाके पाहिले. कडेच्या फुलांचा धागा अस्तरातूनही आरपार गेलेला होता. म्हणजे अस्तर भरण्याच्या वेळीच खाली होते. पण जुने कापड वापरणे हीच गब्ब्याची रीत असल्यामुळे शिक्का कापडाचे वय सांगतो, गब्ब्याचे नेमके साल नाही. एवढेच म्हणता आले की तो १८८९ नंतरचा आहे, आणि बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा.

लेखी चिठ्ठी मिळाली तरी ती जपून वाचावी. आमेरच्या राजघराण्याच्या गालिच्यांच्या अस्तरांवर सतराव्या शतकातल्या नोंदींच्या चिठ्ठ्या शिवलेल्या सापडल्या. त्यांत मापे आहेत, तारखा आहेत, काहींवर लाहोरचे नाव आहे. अभ्यासकांना त्यांचा फार मोठा उपयोग झाला. पण ती तारीख मोजदादीची, विणल्याची नव्हे. त्या दिवशी गालिचा तिथे होता एवढेच ती सांगते.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. असे काही सापडले तर ते आधी धुऊ नका, कारण पाण्याने कच्चा रंग पसरतो. अस्तर फाडून फेकू नका. चांगला भाग कापून उशीचे अभ्रे करू नका. उलटे करून उजेडात त्याचे फोटो काढा. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून, ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, पटो वा न पटो.

खालांचे उत्तर

हे सारे घेऊन आम्ही खालांकडे गेलो. खरे सांगायचे तर मनात धाकधूक होती. बसरा हा त्यांच्या सासऱ्यांचा उरलेला एकमेव धागा होता आणि आम्ही तो उसवायला निघालो होतो. आम्ही म्हणालो, "खाला, हे बसऱ्यात झालेलं नाही. दोन्ही काश्मीरची आहेत. आणि हा मोठा तर जुनी कांबळी जोडून केलेला आहे. नमदा बहुधा तुमच्या सासऱ्यांच्या बोटीच्या दिवसांनंतरचा असावा."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थंडीत एक काश्मिरी यायचा गठ्ठा घेऊन. अब्बा त्याला वर बोलवून चहा पाजायचे. मी नवी नवरी होते तेव्हा." आणि थोड्या वेळाने, "मग बसऱ्याहून काय आणलं होतं त्यांनी?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. एखाद्या वस्तूचे बनल्याचे गाव, आणल्याचे गाव आणि वापरल्याचे गाव अशी तीन गावे असतात. घरात कालांतराने ती एकमेकांत मिसळतात. कोणी खोटे बोलत नाही, आठवण सांधे जोडत जाते, आणि सुझनीसारखा एखादा सांधा चुकतो. आपल्यापैकी पुष्कळांना "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आयुष्यभर विचारला जातो आणि विचारणाऱ्याला एकाच गावाचे नाव हवे असते. गब्ब्यालाही एक नाव देता येते, काश्मीर. पण त्यात ज्यांची कांबळी गेली त्यांची घरे, अस्तराची ती गिरणी आणि डोंगरीच्या माळ्यावरची इतकी वर्षे कुठे मोजायची?

व्यापारी पुन्हा आला. काश्मिरी गब्बा म्हटल्यावर त्याने भाव निम्म्याहून खाली आणला. खाला हसून म्हणाल्या, "म्हणजे जुन्या कांबळ्यांची गोधडीच म्हण की. गोधडी कुणी विकतं का?" नमदा त्यांनी नातीला दिला. गब्बा नव्या घरी त्यांच्या पलंगाखाली गेला.

जाण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडून एक काम करून घेतले. सुती कापडाच्या एका तुकड्यावर आम्ही पक्क्या शाईने लिहिले की हा गब्बा आहे, काम काश्मीरचे, बहुधा अनंतनागकडचे, काळ विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा, डोंगरीच्या घरातून निघाला. त्याखाली खालांच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ घातली, की घरातले लोक हा बसऱ्याचा समजत. मग त्यांनी चष्मा लावला आणि तो तुकडा स्वतःच्या हाताने पाठीवर, उसवलेल्या कोपऱ्याजवळ शिवून टाकला.